‘झुंज’ वाचताना श्रीगोंदा : यशवंतराव होळकरांची १८०२ची स्वारी आणि आपली वाचनाची सवय

आजचा विषय आम्ही मुद्दाम श्रीगोंद्यासाठी निवडला आहे. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ ही कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. ज्यांनी वाचली नसेल त्यांना एवढंच सांगतो की ती यशवंतराव होळकरांवर आहे, १९६६ साली आली आणि आजही खपते. इनामदारांचा या जिल्ह्याशीही एक धागा आहे. १९९७ साली नगरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं त्याचे ते अध्यक्ष होते. म्हणजे पाहुणा ओळखीचाच आहे. त्यामुळे आज आम्ही त्याच्याशी जरा मोकळेपणाने भांडणार आहोत.

भांडण कशावरून, ते आधी सांगतो. ‘झुंज’चा नायक १८०२ साली फौज घेऊन खानदेशातून खाली उतरतो, नगर प्रांतातून भीमेकडे सरकतो आणि दिवाळीच्या तोंडावर पुण्याजवळ हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पाडाव करतो. वाचताना अंगावर काटा येतो, येणारच. पण ही फौज ज्या मुलखातून गेली तो मुलूख कोणाचा? आपला. तेव्हाचं चांभारगोंदे, म्हणजे आजचं श्रीगोंदा, हे शिंद्यांच्या घरचं गाव. पारनेर तालुक्यातलं जामगावही शिंद्यांचं. आणि याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात, चौंडी आहे. तिथे अहिल्याबाई होळकर जन्मल्या, त्यांच्या नावावरून आता जिल्ह्याचं नाव बदललं आहे. दोन्ही घराण्यांचे धागे एकाच जिल्ह्याच्या मातीत, आणि एका घराण्याची फौज दुसऱ्याच्या गावांवर चालून येते. ही गोष्ट कादंबरी कशी सांगते, इतिहासकार कशी सांगतात आणि आपण ती कशी ऐकतो, यावर आज बोलायचं आहे.

आधी प्रसंग नीट समजून घेऊ. त्याशिवाय टीका म्हणजे नुसती शेरेबाजी.

महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. अहिल्याबाई १७९५च्या ऑगस्टमध्ये गेल्या. तुकोजी होळकर १५ ऑगस्ट १७९७ रोजी पुण्यात वारले. तीन-साडेतीन वर्षांत जुनी माणसं संपली. मागे राहिले ते तरुण, हट्टी आणि एकमेकांवर अविश्वास असलेले. तुकोजींचे चार मुलगे : काशीराव, मल्हारराव, विठोजी आणि यशवंतराव. काशीराव आणि मल्हारराव हे औरस. विठोजी आणि यशवंतराव यांची आई लग्नाची बायको नव्हती. हा तपशील आम्ही उगाच सांगत नाही. पुढे यशवंतरावांनी स्वतःच्या नावाने काही न मागता पुतण्याच्या नावाने मागणं मागितलं, त्याचं एक मोठं कारण इथे आहे.

तुकोजी जाऊन महिना उलटतो न उलटतो तोच, १४ सप्टेंबर १७९७ रोजी, दौलतराव शिंद्यांच्या फौजेने भांबुर्ड्याला मल्हाररावांच्या गोटावर हल्ला केला. मल्हारराव मारले गेले. विठोजी आणि यशवंतराव निसटले. मल्हाररावांच्या पाठीमागे जन्मलेला मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात राहिला. यशवंतराव नागपूरला भोसल्यांच्या आश्रयाला गेले, तिथे कैदेत पडले, तिथूनही सुटले. माणसं जमवली, फौज उभी केली. १७९९च्या जानेवारीत महेश्वरला त्यांनी होळकर घराण्याची सूत्रं हाती घेतली. विठोजी इकडे दक्षिणेत पंढरपूरच्या बाजूला पेशव्यांविरुद्ध उठले होते. ते पकडले गेले आणि १६ एप्रिल १८०१ रोजी शनिवारवाड्यासमोर त्यांना हत्तीच्या पायी बांधून मारलं. बाजीराव वरून पाहत होता, असं सांगतात. त्याच वर्षी माळव्यात उज्जैन आणि इंदूर या दोन्ही ठिकाणी शिंदे-होळकर भिडले. उज्जैनला होळकरांची सरशी झाली, इंदूरला ऑक्टोबरमध्ये त्यांचा पराभव झाला आणि शहर लुटलं गेलं.

हे झाल्यावर १८०२ साली यशवंतराव दक्षिणेत आले.

आता शब्दांकडे या. आमच्या मते या सगळ्या प्रकरणाची निम्मी टीका शब्दांमध्येच आहे. या घटनेला मराठीत तीन-चार नावं पडली आहेत. पेशव्यांच्या बाजूने पाहिलं की ते ‘बंड’ होतं. होळकरांच्या बाजूने पाहिलं की ‘स्वारी’ होते, किंवा कादंबरीत ‘झुंज’ होते. पुढच्या काळात इंग्रजांनी लिहिलं तेव्हा यशवंतराव ‘लुटारू’ झाले. आणि ज्याला कोणाचीच बाजू घ्यायची नसते, तो ‘यादवी’ म्हणून मोकळा होतो.

‘यादवी’ हा शब्द आम्हांला सगळ्यांत जास्त खटकतो. बघा ना, शब्द कुठून आला? प्रभासतीर्थावर मद्य पिऊन यादव एकमेकांवर उठले, लव्हाळ्याची मुसळं झाली आणि कुळ संपलं. ती ऋषींच्या शापाची कथा आहे. शाप असला की कारण शोधावं लागत नाही. सगळेच धुंद, सगळेच सारखे दोषी, होणार होतं ते झालं. १८०२च्या घटनेला यादवी म्हटलं की भांबुर्ड्याची रात्र, विठोजीचा मृत्यू आणि खंडेरावाची कैद ही तिन्ही कारणं त्या शब्दाखाली गाडली जातात. मग उरतात फक्त ‘आपापसांत भांडणारे मराठे’. शाळेत आपण सगळे हेच वाक्य पाठ करतो आणि मान हलवतो.

इनामदारांचं मोठेपण इथे आहे, ते आधी मान्य करू. त्यांनी ‘यादवी’ या शब्दावर समाधान मानलं नाही. यशवंतरावांच्या रागाला त्यांनी कारण दिलं, भावाचा मृत्यू दिला, अपमान दिला. ज्या माणसाला शाळेच्या इतिहासाने दोन ओळींत ‘पुंड’ ठरवलं, त्याला त्यांनी माणूस केला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला आणि थोड्याच वर्षांत त्याचं मराठी भाषांतरही झालं. म्हणजे आपल्याच इतिहासाची आपली पहिली छापील ओळख साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या माणसाने करून दिली. तिथून ‘झुंज’पर्यंत यायला दीडशेच्या आसपास वर्षं लागली. हे अंतर छोटं नाही.

पण गंमत अशी की तेच इनामदार तीन वर्षांनी, १९६९ साली, ‘मंत्रावेगळा’ लिहितात. नायक कोण? दुसरे बाजीराव. म्हणजे विठोजीला हत्तीच्या पायी देणारा, यशवंतरावांपुढून पळणारा, वसईला जाऊन इंग्रजांशी तह करणारा. त्याच्या कपाळावरचा ‘पळपुटा’ हा शिक्का पुसायचा प्रयत्न इनामदार तिथे करतात. त्याआधी, १९६३ साली, ‘झेप’मध्ये त्यांनी बाजीरावाच्या त्र्यंबकजी डेंगळ्याची बाजू घेतली होती. पुढे ‘शहेनशहा’त औरंगजेबाची. एका लेखकाची ही रीतच झाली : ज्याची बाजू कोणी घेत नाही त्याची आपण घ्यायची. वकिलीचा धर्म म्हणून ही रीत चांगली आहे. कादंबरीचा धर्म म्हणून तिला एक मर्यादा आहे.

ती मर्यादा अशी. ‘झुंज’ आणि ‘मंत्रावेगळा’ शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच लेखकाने एकाच लढाईतल्या दोन वैऱ्यांची वकिली दोन वेगळ्या पुस्तकांत केली आहे. दोन्ही पुस्तकं मिळून कुठेतरी त्या युद्धाचं चित्र तयार होतं, एकट्या पुस्तकात होत नाही. का? कारण आपल्या ऐतिहासिक कादंबरीला एक नायक लागतो आणि त्याच्यासमोर एक खलनायक. शिवाजी महाराज आणि अफझलखान, ही जोडी तिला पेलते. पण आतल्या युद्धात समोरचा माणूस कालपर्यंत पंगतीला बसलेला असतो. यशवंतराव बाजीरावाला शेवटपर्यंत धनी म्हणत राहिले. पुण्यावर चालून येतानाही त्यांचं म्हणणं हेच होतं की मी धन्यावर हत्यार उचलत नाही, मला शिंद्याकडून न्याय द्या. खंडेरावाला सोडा, होळकरांची दौलत होळकरांना द्या. बंड करणारा माणूस आपण बंड करत नाही असं सांगतो आहे, आणि त्यावर त्याचा बहुधा विश्वासही आहे. कादंबरीकाराला ही जागा सोन्याची खाण आहे. पण इनामदार तिथे थांबत नाहीत. त्यांना हडपसर गाठायचं असतं.

चला, आपणही हडपसर गाठू.

लढाईच्या आधी बारामतीजवळ होळकरांच्या फत्तेसिंग मान्यांनी पेशव्यांच्या फौजेला मागे रेटलं होतं. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर-वानवडीच्या मैदानात मुख्य गाठ पडली. शिंद्यांकडून सदाशिवराव भास्कर बक्षी, सोबत कॅप्टन डॉज याच्या पलटणी. होळकरांकडेही गोरे अंमलदार होते : व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग. म्हणजे दोन मराठी सरदारांच्या लढाईत दोन्हीकडे कवायती पलटणी आणि दोन्हीकडे परके अंमलदार. पेशव्यांच्या बाजूने पंचवीस गोळे येईपर्यंत उत्तर द्यायचं नाही, असा हुकूम यशवंतरावांनी दिला होता, अशी कथा आहे. ती खरी असो वा नसो, तिचा अर्थ महत्त्वाचा आहे. पहिला गोळा धन्यावर आम्ही टाकला नाही, असं जगाला दाखवायचं होतं. डॉज पडला, होळकरांचा हार्डिंगही पडला. दुपारपर्यंत शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. यशवंतराव स्वतः तोफांवर चालून गेले आणि जखमी झाले.

पुण्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज लढाईनंतर त्यांना भेटायला गेला. ग्रँट डफने त्या भेटीचं वर्णन दिलं आहे : लहानसा तंबू, घोट्यापर्यंत चिखल, अंगाला भाल्याची जखम, डोक्याला तलवारीचा वार. आम्हांला वाटतं की या संबंध प्रकरणातलं सगळ्यांत बोलकं चित्र हे आहे. विजयी सेनापती चिखलात बसला आहे आणि समोरच्या इंग्रजाला विनवतो आहे की तुम्ही मध्ये पडा, बाजीरावाची आणि माझी समजूत घाला. इथे एक तिसरा माणूस तंबूत येऊन बसला आहे, आणि त्याला आत बोलावण्याची चढाओढ दोन्ही बाजूंनी चालली आहे.

आता टीकेचा गाभा. मराठी वाचकाच्या मनात यशवंतराव म्हणजे इंग्रजांशी एकटा लढलेला वीर. तो होता, यात शंका नाही. १८०४ साली त्यांनी मॉन्सनच्या फौजेची जी दाणादाण उडवली ती इंग्रजांना अनेक वर्षं बोचत राहिली. दीगची लढाई, भरतपूरचा वेढा, अगदी पंजाबपर्यंतची धाव, हे सगळं खरं. २४ डिसेंबर १८०५ रोजी राजघाटचा तह झाला आणि १८११ साली भानपुऱ्याला ते वारले. पण १८०४चा उजेड आपण मागे १८०२वर पाडतो, आणि तिथे आपली फसगत होते. १८०२ साली यशवंतराव इंग्रजांशी लढत नव्हते. ते क्लोजला मध्यस्थी करायला सांगत होते. १८०३ साली शिंदे आणि भोसले असईला आणि आडगावला इंग्रजांशी लढले, तेव्हा होळकर बाजूला राहिले. दोन घराण्यांच्या भांडणात दोघांनाही एकेकदा एकटं लढावं लागलं आणि दोघंही हरले. ‘झुंज’ वाचून उठणारा वाचक मात्र नायकाचं सगळं आयुष्य परकीयांविरुद्धची एकच अखंड झुंज म्हणून डोक्यात घेऊन उठतो. कादंबरीचं नावच त्याला तसं सांगतं.

आणि स्वारी म्हणून या स्वारीकडे पाहिलं तर काय दिसतं? लढाई जिंकली, पण ज्याच्यासाठी जिंकली ती गोष्ट हातातून गेली. बाजीराव सिंहगडावर गेला, तिथून रायगड, महाड, मग सुवर्णदुर्गाच्या बाजूने समुद्रमार्गे वसई. मराठी राज्यात ज्याच्या हाती पेशवा त्याच्या हाती शिक्का. यशवंतरावांच्या हाती पुणं आलं, पेशवा आला नाही. मग अमृतरावांना पुढे करून त्यांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवायचा घाट घातला गेला. हा पेशवा कोणी मानेना. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला बाजीरावाने इंग्रजांच्या तैनाती फौजेवर सही केली. हडपसरपासून मोजले तर सदुसष्ट दिवस. फार लवकर झालं हे.

म्हणून आम्हांला या प्रश्नात रस नाही की ‘राज्य कोणी बुडवलं, होळकरांनी की बाजीरावाने?’ पारावर हा वाद आणखी शंभर वर्षं चालेल आणि त्यात घराण्यांची नावं घेऊन माणसं एकमेकांची जात काढतील. आम्हांला यात रस आहे की एवढा हुशार सेनानी पुण्यात आल्यावर अडकला कसा. उत्तराचा मोठा भाग पैशात आहे, आणि पैशाचा भाग आपल्या गावांकडे येतो.

त्या काळची फौज कशावर चालायची, हे कादंबरीत फार थोडं येतं. पलटणींना महिन्याचा पगार लागतो, तो थकतो. पगार थकला की शिपाई धरणं धरतो. घोड्याला दाणा लागतो, बैलाला वैरण लागते. रोज सकाळी कही निघते. कही म्हणजे दाणावैरण आणायला आसपासच्या गावांत जाणारी तुकडी. ती मागते, पहिल्यांदा शब्दाने, मग तलवारीने. मागून बुणगे, बाजार, पेंढारी. पाटलाकडून खंडणी, सावकाराकडून कर्ज, न दिलं तर ओलीस. यात होळकरांची फौज वेगळी होती असं नाही. शिंद्यांची अशीच, पेशव्यांचीही अशीच. पण यशवंतरावांच्या मागे मुलूख नव्हता. इंदूर लुटलं गेलं होतं. ज्याच्याकडे वसूल नाही त्याची फौज जिथे उभी राहील तिथलं धान्य खाणार, त्यात शत्रूच्या जहागिरीचं गाव असेल तर संकोचही नाही.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. श्रीगोंदा तालुक्याच्या दक्षिणेला भीमा, पश्चिमेला घोड. भीमेच्या पलीकडे दौंड आणि मग पुण्याची वाट. पेडगाव इथेच भीमेच्या काठावर. तो किल्ला मोगलांच्या काळात बहादूरगड होता आणि तिथेच १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून आणलं होतं. म्हणजे या नदीकाठाला फौजा नव्या नव्हत्या. १८०२च्या पावसाळ्यात होळकरांच्या फौजा खानदेशातून नगर प्रांतात आल्या. नगरचा किल्ला १७९७ पासून शिंद्यांकडे होता. जामगाव त्यांच्या वाटेवर होतं. पुढे दसरा-दिवाळी. शेतकऱ्याच्या हिशोबाने तो काळ कोणता? बाजरी काढायला आलेली, आणि काळ्या रानात शाळूच्या पेरण्या. बैल पाहिजे तेव्हाच तोफा ओढायलाही बैल पाहिजे. हे आमचं अनुमान आहे, पण इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो ऑक्टोबरमध्ये बैल गेला तर काय होतं ते सांगेल.

मग आलं १८०३. पावसाने दगा दिला. १८०३-०४चा दुष्काळ नगर-पुणे भागातल्या मोठ्या दुष्काळांपैकी एक. पाऊस नव्हता हे खरंच, पण पेवं आणि कणग्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या, जनावरं गेली होती, सावकार पळाले होते. दुष्काळ आकाशातून येतो आणि जमिनीवरून वाढतो. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने नगरची पेठ घेतली, १२ तारखेला किल्ला घेतला. पुढे त्याच नगरमध्ये दुष्काळी लोकांना कामं आणि धान्य देण्याची व्यवस्था त्याने केली. इंग्रजी इतिहासांत हे अभिमानाने येतं. येऊ द्या. ज्या माणसाच्या पोटाला मिळालं त्याने ते कोणाच्या हातचं हे पाहिलं नसेल. पण त्या अभिमानामागचा हिशोबही पाहिला पाहिजे. वेलस्ली इथे आला वसईच्या तहामुळे, वसईचा तह झाला हडपसरमुळे, आणि हडपसरला पोचण्यासाठी फौज आपल्या शिवारातून चरत गेली होती.

पुण्यातही तेच झालं. सुरुवातीला यशवंतरावांनी शहराला धक्का लागू दिला नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केलं आहे. पण फौज महिनोन्‌महिने बसून राहिली, पगार देणं भाग होतं. मग अमृतरावांच्या संमतीने घरोघर वसूल सुरू झाला, सावकारांना त्रास दिला गेला. ज्याने पहिल्या दिवशी शिस्त दाखवली तोच तिसऱ्या महिन्यात शहर पिळत होता. याला आम्ही स्वभावदोष म्हणत नाही. बिनमुलखाच्या फौजेचा हा धर्म आहे. चांगला माणूस सेनापती असला तरी तो चुकत नाही. मार्च १८०३मध्ये यशवंतराव पुणं सोडून गेले, मे महिन्यात इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने बाजीराव परत आला.

इथे कुणी विचारेल की कादंबरीकाराने दुष्काळाचा हिशोब मांडायचा का? तो काय मामलेदार आहे? प्रश्न रास्त आहे. आम्ही हिशोब मागत नाही. आम्ही नजर मागतो. ‘झुंज’ची नजर नायकाच्या घोड्याबरोबर चालते. घोडा थांबेल तिथे ती थांबते. मुक्काम म्हणजे डेरा, खलबत, जासूद, हुकूम. गाव म्हणजे मुक्कामाचं नाव. आपल्या ऐतिहासिक कादंबरीतली गावं अशीच असतात, नकाशावरच्या ठिपक्यांसारखी. त्यात माणसं असतात ती पाणी द्यायला, निरोप सांगायला, किंवा मुजरा करायला. नायकाच्या घोड्याने ज्याचं शेत तुडवलं, त्याच्या नजरेतून आपली एकही गाजलेली ऐतिहासिक कादंबरी सुरू होत नाही. ना. सं. इनामदार हे या प्रकारातले सगळ्यांत अभ्यासू लेखक. कागद वाचूनच लिहिणारे. त्यांनी हे केलं नाही, तर बाकीच्यांकडून काय अपेक्षा ठेवायची?

कागदांत मात्र हे सगळं सापडतं. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. आयुष्यभर मास्तरकी करून, पदरमोड करून त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं छापली. त्या प्रकारच्या बातमीपत्रांत पुण्यात भाव काय झाला, कोण पळालं, कोणाच्या घरावर चौकी बसली, हे असतं. सरदेसाईंनी ‘मराठी रियासत’ लिहिताना तो माल वापरला. रियासतकारांना यशवंतरावांच्या शौर्याची कदर आहे, पण त्यांचं प्रेम केंद्रावर आहे. पुणं कोसळलं की त्यांचं मन कोसळतं. त्यामुळे त्यांच्याकडे गावं येतात ती नुकसानीच्या यादीत. निदान यादीत तरी येतात.

आणखी एक मोठी गोष्ट राहिली, ती थोडक्यात सांगतो, कारण ती श्रीगोंद्याच्या शिंद्यांच्या घरातली आहे. यशवंतरावांच्या आधी दौलतरावांविरुद्ध पहिलं बंड कोणी केलं? महादजींच्या विधवांनी. लक्ष्मीबाई, यमुनाबाई, भागीरथीबाई. सर्जेराव घाटग्याच्या जाचाला कंटाळून १७९८ साली त्या उठल्या, महादजींचे जुने सरदार त्यांच्या मागे उभे राहिले, लखबादादांसारखे. दोन-तीन वर्षं दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत त्यांनी दौलतरावांना सळो की पळो केलं. ज्या घराने होळकरांचं घर फोडलं ते घर आतून आधीच फुटलेलं होतं. या बायांच्या वाट्याला ‘झुंज’सारखी लोकप्रियता आली नाही. सासुरवाशिणींची भांडणं म्हणून इतिहासाने ती एका परिच्छेदात उरकली. कोणी तरुण लेखक इथे बसला असेल तर हा विषय आम्ही त्याच्या पदरात टाकतो. शक्यतो लेखिकेच्या.

श्रीगोंदा शेख महंमदांचं गाव. मालोजीराजांनी ज्यांना गुरू मानलं असं परंपरा सांगते, ते शेख महंमद. त्यांच्या ग्रंथाचं नाव ‘योगसंग्राम’. संग्राम, पण माणसाच्या आतला. ज्या गावाने लढाई हा शब्द असा वापरायला शिकवला, त्या गावाच्या वेशीवरून दीडशे वर्षांनी दुसरी फौज गेली, हा योगायोग आहे आणि त्यातून आम्ही काही मोठा अर्थ काढणार नाही. एवढंच म्हणतो की गावाची आठवण सरदारांच्या नावापुरती नसते.

शेवटचा मुद्दा तहाचा. असई आणि आडगाव इथल्या पराभवानंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांनी सुर्जी अंजनगावचा तह केला. त्यात नगरचा किल्ला गेला, दक्षिणेतला पुष्कळ मुलूख गेला. पण काही गावं शिंद्यांच्या घरची म्हणून त्यांच्याकडे ठेवली, आणि त्या यादीत चांभारगोंदे आहे, जामगाव आहे. अट अशी की तिथे शिंद्यांनी फौज न्यायची नाही. म्हणजे लेखी अक्षरांत, परक्याच्या तहात, या गावाला पहिल्यांदा मिळालेली सवलत कोणती? तुझ्याकडे तुझ्या धन्याची फौज येणार नाही. दौलतरावांना हे कलम अपमानाचं वाटलं असेल. त्या वर्षी दुष्काळाने बाजार पडलेल्या गावात, पाटलाच्या ओसरीवर, त्याच कलमाची बातमी आली तेव्हा तिथे बसलेल्या माणसांना काय वाटलं असेल, ही कादंबरी अजून लिहायची आहे.

आता प्रश्न असतील तर घेऊ. आणि होळकर मोठे की शिंदे मोठे, हा प्रश्न सोडून.